तात्यांचा डावा डोळा

किसनतात्यांनी पहिल्याच भेटीत मला डोळा मारला. तेही भर आठवडी बाजारात, दिवसाढवळ्या, शेजारी बसलेल्या कुलूपवाल्या चाचांच्या देखत. मी धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. अकरावीच्या पोरानं असलं काही केलं तर मी सरळ त्याच्या बापाला बोलावून घेते. पण समोर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली हिरवी टोपी घालून बसलेले. त्यांच्या बापाला कुठून बोलावणार?

बाजारात भाजीची ओळ संपली की जुन्या सामानाची ओळ लागते. बंद पडलेले मिक्सर, बिनकिल्लीची कुलपं आणि बिनकुलपाच्या किल्ल्या. त्या ओळीच्या टोकाला, लिंबाच्या सावलीत, तात्या गोणपाटावर जुने कॅमेरे मांडून बसत. मांडणी लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी असे. उंच मागं, बुटके पुढं, आणि मधोमध भात्याचा एक जुनाट कॅमेरा, नवरदेवाच्या आजोबांसारखा. मला ते दृश्य फार आवडलं. मी माझा कॅमेरा डोळ्याला लावला, तर तात्यांनी डावा डोळा मिटला. कॅमेरा खाली घेतला, डोळा उघडला. पुन्हा वर नेला, पुन्हा मिटला.

"आजोबा, काय चाललंय हे?" मी वर्गातला आवाज काढला.

"काय झालं, म्याडम?"

"डोळा मारताय तुम्ही."

तात्या काही बोलायच्या आत कुलूपवाले चाचा हसून हसून गोणपाटावर आडवे झाले. "म्याडम, डोळा नाही मारते उनों. शटर है उनका वो. कॅमेरा दिसला की आपोआप पडतंय."

आणि ते खरंच होतं. तात्या मूळचे तेरचे. जवानीत सायकलवर टांग मारून, गळ्यात कॅमेरा अडकवून तेरपासून येडशीपर्यंत सगळी लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग आणि जयंतीच्या मिरवणुका त्यांनी टिपल्या. फ्लॅश उडाला की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना तो तेरखेड्याच्या कारखान्यातला फटाकाच वाटायचा, त्या विचारायच्या, "ह्यो तेरखेड्याचा माल हाय का रं?" उजवा डोळा कॅमेऱ्याच्या भोकाला, डावा मिटलेला, असं त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. पुढं मोबाईल आले आणि धंदा बसला. पण ही बातमी डाव्या डोळ्यापर्यंत पोचलीच नाही. कॅमेरा दिसला की तो आपला इमानेइतबारे मिटायचा.

गंमत म्हणजे कॅमेरा रिकामा असला तर काही होत नसे. तात्यांची विक्रीची एक रीत होती. गिऱ्हाइकानं कॅमेरा पसंत केला की आधी त्याच कॅमेऱ्यानं तात्यांचा फोटो काढायचा, मगच भावाचं बोलणं. कॅमेऱ्यात रीळ नसतं, हे दोघांनाही ठाऊक. तरी तात्या टोपी काढून केसांवर हात फिरवत, मिशीला पीळ देत, छाती पुढं काढत आणि दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्या तरी संस्थानचा दिवाण असावा.

"पण आत रीळच नाही की," एखादा पोरगा म्हणायचा.

"रीळ तुमी घाला. पोज आपली फुकट."

आत रीळ आहे की नाही हे ओळखायची त्यांची खूण होती. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला वर एक छोटी चावी असते. तात्या ती दोन बोटांत धरून हलकेच फिरवून दाखवत. "मोकळी फिरली तर पोट उपाशी. आडली, तर आत रीळ हाय. मंग मागचं झाकण उघडायचं न्हाय, उघडलं की सगळी वरात जळून खाक." हे ते प्रत्येकाला सांगत. सांगितल्याशिवाय कॅमेरा हातात देत नसत.

तात्यांचा राग मात्र एकदाच बघितला. हायवेवर नवीन धाबा काढलेला एक तरुण मालक काळा चष्मा लावून आला. त्याला चार-पाच कॅमेरे एकदम हवे होते.

"एवढे काय करणार?" तात्यांनी विचारलं.

"भिंतीवर लावायचेत, काका. जुनं जुनं वाटलं पाहिजे. मधोमध खिळा ठोकला की बसतंय फिट."

"खिळा," तात्या म्हणाले.

"हां, इथं," म्हणून त्यानं बरोबर भिंगावर बोट ठेवलं.

तात्यांनी आवाजात साखर घोळली. "घ्या की. पण आधी आपला एक फोटू काढा. रीतच हाय आपली." त्याच्या हातात कॅमेरा देऊन तात्या पोज घेऊन बसले. "जरा मागं सरा, साहेब. आख्खं गोणपाट आलं पायजे. अजून मागं. डोळा काढू नका भोकातनं, मागं काय न्हाय. सरा बिनधास्त."

मागं मिरचीचा ढीग होता. आणि ढिगामागं मिरचीवाली होती. पुढचं मी सांगत नाही. मिरचीवालीनं त्याच्या सात पिढ्यांची जी नावं घेतली ती लिहिता येण्यासारखी नाहीत. या गोंधळात तात्यांची पोज तसूभर हलली नाही. तो मालक चष्मा सावरत, पँट झटकत निघून गेल्यावर त्यांनी कॅमेरा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जागेवर ठेवला. "ज्यानं आख्ख्या येडशीच्या नवऱ्या बघितल्या, त्येच्या डोळ्यात खिळा ठोकाया निघालाय," ते पुटपुटले. दिवसभर त्यांनी कुणाशी नीट भाव केला नाही.

मी मात्र दर रविवारी जाऊ लागले. मला त्यांचा एक फोटो हवा होता, दोन्ही डोळे उघडे असलेला. मी चाचांच्या छत्रीआडून प्रयत्न केला, लिंबाच्या खोडामागून केला, पिशवीत भोक पाडूनही करून बघितला. प्रत्येक फोटोत तात्या मला डोळा मारत होते. माझ्या कॅमेऱ्यात आता असे इतके फोटो जमले होते की कुणी बघितले असते तर माझीच अब्रू गेली असती.

"सोडा नाद, म्याडम," तात्या म्हणत. "रामलिंगाच्या देवळापाशी एकदा माकडानं कॅमेरा हिसकला माझा. झाडावर बसून खटका दाबला त्येनं. धुवून बघितला तर माझाच फोटू. डोळा मिटल्याला. माकडापुढं बी मिटला, तुमी काय चीज हाय?"

माकडाची गोष्ट खरी की खोटी ते तात्याच जाणोत. आधार कार्डाची मात्र खरी, कारण ते कार्ड त्यांनी मला दाखवलं. फोटो काढणारा पोरगा टेकीला आला होता. "आजोबा, डोळा उघडा. आजोबा, आता उघडा." शेवटी तो म्हणाला, "आजोबा, बोटानं धरा की जरा पापणी वर." यावर तात्या खुर्चीवरून उठलेच. म्हशीचा डोळा तपासतो काय, म्हणून त्याला झापलं.

"मग धरायची की बोटानं," मी म्हटलं. "बिघडलं काय असतं?"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना बाजारात धोतर सोडायला सांगितलं होतं. "म्याडम, चेहऱ्यावर हात आला की फोटू मेला. जन्मभर लोकांचे हात खाली केलेत म्या. नवरीच्या मामाला सुदिक गालावर हात ठेवून बसू दिलं न्हाय. आन् आता माझ्याच तोंडावर हात?"

तर कार्डावर तो मिटलेला डोळा कायमचा बसला. एसटीत कंडक्टरनं ते बघून विचारलं होतं, "आजोबा, डोळा कुणाला मारताय?"

"सरकारला," तात्या म्हणाले.

एका सुट्टीत मी तेरला त्यांच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड. दारात सोजरकाकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. तात्यांच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट आवाजाच्या. मी "जय भीम" म्हटल्यावर त्यांनी मान वळवून आधी मला शोधलं. आवाज डावीकडून आला तरी त्या मान पुरती फिरवेपर्यंत मी त्यांना दिसलेच नव्हते.

"डोळा मारलेली बाई व्हय तू?" त्यांनी विचारलं. "ये, बस. म्या ह्येंची बायकू. मला आजून एकदा बी मारला न्हाय."

चहा झाल्यावर काकूंनी ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढला. तात्या लगेच म्हणाले, "म्या जरा नळाला पाणी आलंय का बघून येतो," आणि पसार झाले. ते का पळाले ते पहिलं पान उलटल्यावर कळलं.

फोटोत नवरी होती. पांढरी साडी, गळ्यात हार, लाजून खाली घातलेली नजर. तिच्या शेजारी एक लाकडी खुर्ची होती आणि खुर्ची रिकामी होती. पुढच्या फोटोत नवरी, सासू, सासरे आणि रिकामी खुर्ची. मग नवरी, मैत्रिणी आणि खुर्ची. आख्ख्या अल्बमात सगळं वऱ्हाड होतं, एक कुत्रं होतं, फक्त नवरदेव नव्हता.

"पंचक्रोशीत फोटूवाला एकच," काकू म्हणाल्या, "आन् त्यो नवरदेव. त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले, की ह्ये उठले आन् गेले कॅमेऱ्यामागं. माझा भाऊ म्हणला, दाजी, मी काढतो एक. तर ह्ये म्हणतात, भरल्याला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्येत न्हाय! म्हणले, तू बस, शेजारची जागा ठेव, म्या माझा फोटू मागनं कापून चिटकवतो."

"मग?"

"मग काय. आज करतो, उद्या करतो. दुसऱ्याच्या लग्नातनं सवड कुठं? आन् सवड काढून बसले स्टुडिओत, तवर डोळा बिघडला हुता. नातवंडं इचारत्यात, आज्जे, तुझं लगीन कुणासंगं झालं? म्या म्हणते, खुर्चीसंगं."

मी पोट धरून हसले. काकूही हसल्या. मग त्यांनी अल्बम मिटला आणि तो मांडीवर ठेवून हात त्यावर तसाच राहू दिला.

"सोलापूरला दावलं माझ्या डोळ्याचं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू हाय. कडंचं दिसत न्हाय आता, मधलंच दिसतंय तेवढं. डाक्टर म्हणले, गेल्याली नजर माघारी येत न्हाय. हाय ती ठेवायची, टिकली तेवढी टिकली." मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "पोरी, दिसतंय तवर एक फोटू बघायचाय. आमचा दोगांचा. ह्येंचे दोनी डोळे उगडे. मला खुर्चीपुढं मरायचं न्हाय."

मी खिडकीबाहेर शेवग्याकडं बघत बसले. तेवढ्यात तात्या आले आणि आमचे चेहरे बघून त्यांनी ओळखलं. "डोळ्याचं सांगितलं व्हय?" ते म्हणाले. "काय न्हाय ओ. ती बी आता माझ्यावाणी भोकातनं बघती, एवढंच." म्हणाले आणि पाण्याची कळशी घेऊन आतल्या खोलीत गेले.

डाव काकूंनी रचला. मला सोडायला त्या फाट्यापर्यंत आल्या आणि एसटीची वाट बघत असताना हळूच म्हणाल्या, "रिकाम्या डब्यापुढं तर राजावाणी बसतेत की. मंग तू डबा भरून आण."

एवढी साधी गोष्ट मला इतक्या रविवारांत सुचली नव्हती. मी तात्यांकडूनच एक कॅमेरा विकत घेतला, रीतसर त्यांचा रिकामा फोटो काढून. रीळ पुण्याहून मागवलं. मोबाईलवर बघत बघत ते घरी भरलं, रीळ पुढं सरकवायची दांडी आधीच ओढून ठेवली, म्हणजे बाजारात ओढायला नको. पुढच्या रविवारी चेहरा पाडून तात्यांसमोर उभी राहिले.

"तात्या, याचा खटका जड लागतोय."

"द्या हिकडं."

त्यांनी कॅमेरा हातात घेतला. कानाशी नेला. मग सवयीनं त्यांची दोन बोटं डाव्या अंगाच्या चावीवर गेली. चावी इतकीशी फिरली आणि अडली. तात्यांनी वर बघितलं नाही. "जाम झालीया जराशी," ते म्हणाले. "वापरात न्हाय म्हणून. काय न्हाय, काढून बगा आमचा एक, मोकळा हुईल." त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. वाचले, असं मला वाटलं.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणं काकू भाकरीचं फडकं घेऊन आल्या, आणि ठरल्याप्रमाणं तात्यांच्या शेजारी गोणपाटावर टेकल्या.

"आज कशी काय बसलीस?" तात्या म्हणाले. "रिकाम्या डब्यापुढं बसत न्हाय म्हणतीस तू."

"पाय दुखाया लागले. उठू का?"

"बस, बस."

मी कॅमेरा लावणार, तर तात्या म्हणाले, "थांबा." त्यांनी काकूंचा पदर कपाळावर नीट केला. हनुवटीला बोट लावून त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवला. मग चाचांना म्हणाले, "चाचा, छत्री जरा कलती करा, तिच्या तोंडावर ऊन येतंय." चाचांनी कुरकुरत छत्री कलती केली. "म्याडम, तिच्यावर नेम धरा. माझ्यावर न्हाय." रिकाम्या कॅमेऱ्यापुढं एवढी तयारी तात्यांनी कधी केली नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या डोळ्यावर. तो अजून उघडा होता. आणि नेमकं मी खटका दाबणार त्या क्षणी तात्यांनी काढून ठेवलेली टोपी पुन्हा घातली आणि हात टोपीलाच धरून ठेवला.

"हात खाली घ्या की," मी म्हटलं.

"वारं हाय. टोपी उडती. काढा तुमी."

लिंबाचं पानही हलत नव्हतं. पण थांबण्यात अर्थ नव्हता. मी खटका दाबला.

उरलेलं रीळ मी घाईघाईनं शेळ्या, एसटी स्टँड आणि आमच्या प्राचार्यांवर खर्च केलं आणि धुवायला पुण्याला पाठवून दिलं. पाकीट आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. पहिलाच फोटो. काकू समोर बघत होत्या, नवरीसारख्या. तात्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. मी आनंदानं ओरडणार, एवढ्यात त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. चार बोटं टोपीच्या पुढच्या झापेवर होती. अंगठा झापेखाली होता. आणि त्या अंगठ्यानं डावी भुवई वर दाबून धरली होती, इतकी घट्ट की कपाळाला वळ्या पडल्या होत्या.

चावी अडली तेव्हाच त्यांना कळलं होतं. आत रीळ आहे हे कळूनही ते बसले होते. चेहऱ्यावर हात आला की फोटो मेला, असं जन्मभर सांगणारा माणूस बायकोसाठी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसला होता. स्टाफरूममध्ये मला रडू आलं, आणि प्राचार्यांना वाटलं त्यांचा फोटो बघून आलं.

त्याच संध्याकाळी तेर गाठलं. काकूंनी फोटो हातात घेतला आणि नाकापुढं धरला. त्यांना मधलं तेवढंच दिसत होतं, म्हणून तो त्या तुकड्यातुकड्यानं बघत होत्या. आधी स्वतःचा चेहरा. मग फोटो थोडा सरकवून तात्यांचा.

"उगडाय," त्या म्हणाल्या. "दोनी उगडेत." पुन्हा म्हणाल्या, "दोनी उगडेत की ओ!" त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

तात्या दाराशी शेवग्याची शेंग सोलायच्या निमित्तानं पाठमोरे बसले होते. काकूंनी फोटो आणखी जरासा सरकवला. त्यांची नजर झापेवर आली, अंगठ्यावर आली आणि थांबली.

"आवं," त्या म्हणाल्या, "टोपीला काय झालतं?"

"वारं हुतं," तात्या न वळता म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही. "व्हय," त्या म्हणाल्या, "लई वारं हुतं त्या दिशी." मग त्यांनी अल्बम मागितला, चाचपडत पहिलं पान काढलं आणि तो फोटो रिकाम्या खुर्चीवर ठेवला. खुर्ची पार झाकली गेली.

त्या दोघांना मी एकत्र बघितलं ते शेवटचं. पुढच्याच महिन्यात लेक आली आणि काकूंच्या डोळ्यांसाठी दोघांना पुण्याला घेऊन गेली. कॅमेऱ्यांचं गोणपाट चाचांकडं ठेवलंय. चाचा ते कुणाला विकत नाहीत, आणि फोटो काढू देत नाहीत. लिंबाखाली आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो.

त्या संध्याकाळी तात्या मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते. एसटी दिसली तशी मी विचारून टाकलं, "तात्या, खरं सांगा. तुम्हाला कधी कळलं?"

"काय कळलं?" ते म्हणाले.

मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. तात्या खाली टोपी सारखी करत उभे होते. गाडी हलली तशी त्यांनी वर, माझ्याकडं बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि कॅमेरा घरी होता. तात्यांनी सावकाश डावा डोळा मिटला.